टेकडीवरचे आखूड वासे

क्षणभर डोळे मिटा आणि एक कुंपण डोळ्यांसमोर आणा. त्याला खिळा नाही, तार नाही, जमिनीत रोवलेला खांबसुद्धा नाही. नुसते लाकडाचे लांब वासे, एकावर एक रचलेले. एका वळणाचे वासे इकडे झुकलेले, पुढच्या वळणाचे तिकडे, आणि कोपऱ्यात दोघांची टोकं बोटांत बोटं गुंतवावीत तशी एकाआड एक बसलेली. असं इकडून तिकडे वळत ते कुंपण डोंगराच्या उतारावरून सापासारखं थेट ओढ्यापर्यंत गेलेलं. सरळ रचलं असतं तर पहिल्याच वादळात आडवं झालं असतं. वाकडं आहे म्हणून उभं आहे. कोपऱ्यांत नांगर पोचत नाही, म्हणून तिथे काटेरी झुडपं माजतात, ससे राहतात, आणि एखादं मूल घरच्यांवर रुसलं तर तेही तिथेच जाऊन बसतं.

दिसलं का? आता कुंपणाच्या आत मका उभा करा आणि बाहेर डुकरं सोडा. केंटकीच्या त्या डोंगरात गुरं-डुकरं कोंडून ठेवायची रीत नव्हती. कानाला मालकाच्या खुणेची खाच पाडायची आणि रानात मोकळं सोडायचं. कोंडायचं ते शेताला. हिवाळ्यात चुलीवर मक्याची भाकरी असणार की नाही, ते त्या लाकडांवर ठरायचं.

ओर्लीनाला त्या वर्षी दहावं लागलं होतं. तिचे बाबा एलायहू, आई अरमिंटा आणि ती, अशी तिघं वसंतात ओढ्याच्या वरच्या अंगाला नवीन राहायला आली. आधीचे लोक जागा सोडून पश्चिमेला निघून गेले होते. घर रिकामं होतं, चूल थंड होती, आणि कुंपणाचे वासे जाणाऱ्या-येणाऱ्यांनी जळणाला नेले होते. एलायहूने मोगरी आणि पाचरी काढल्या आणि चेस्टनटचे ओंडके फोडायला घेतले. त्या काळी त्या डोंगरातली चेस्टनटची झाडं अजून रोगाने मेलेली नव्हती. चेस्टनटला पाचर लावली की तो असा सरळ फुटतो, जणू त्यालाच घाई असते. कुंपण उभं राहत गेलं. ओढ्याजवळचं एकच वळण बाकी राहिलं, आणि त्याच दिवशी कुऱ्हाड घसरून एलायहूच्या पायात बसली.

तो बरेच दिवस खाटेवर होता. तोवर मका वीतभर वर आला, आणि डुकरं त्या मोकळ्या जागेसमोर येऊन नाक खुपसायला लागली. ओर्लीना आणि आई काठ्या घेऊन आळीपाळीने उभ्या राहायच्या. मग एका सकाळी एलायहू दात आवळून उठला, खेचर घेऊन कुठेसा गेला, आणि दुपारी खेचरामागून जुने, करडे पडलेले काही वासे ओढत घेऊन आला. इतर वाशांपेक्षा ते बरेच आखूड होते.

"बाबा, हे कुठे मिळाले?"

"वर पडले होते," एलायहू म्हणाला, आणि खेचर सोडायला वळला.

त्या आखूड वाशांनी वळण पुरं झालं. एवढ्या एका जागी कुंपण लंगडल्यासारखं दिसायचं, पण डुकरं थांबली. उन्हाळा सरत आला, कणसांत दूध भरलं. आणि मग एका सकाळी ते आखूड वळण मोडलेलं सापडलं. वासे शेताबाहेर गवतात पडले होते, आणि मक्याच्या दोन ओळी चघळून टाकलेल्या होत्या.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," अरमिंटा चुलीपाशी म्हणाली. "चंद्र उतरत असताना खालचा थर मांडू नये. मांडलाच तर कुंपण टिकत नाही."

"चंद्र उतरत असला तर कुंपण जमिनीत खचतं, मिंटे. उठून चालायला लागत नाही."

"माझ्या माहेरी कुणाचं कुंपण खचलंही नाही आणि चाललंही नाही."

"तुझ्या माहेरी शेत कुठे होतं?"

अरमिंटाने भाकरीची कढई जरा जोरातच खाली ठेवली. एलायहूने वळण परत रचलं. दुसऱ्या सकाळी तो पुन्हा गेला तेव्हा ओर्लीना त्याच्या मागे होती, म्हणून पुढचं तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

आखूड वासे वळणात नव्हते. पण त्यांच्या दोन्ही बाजूंची लांब वाशांची वळणं जशीच्या तशी उभी होती. बोटांत बोटं गुंतवली आहेत आणि त्यांतला एकच हात कुणी काढून नेला आहे, तरी दुसरा हात तसाच बोटं फाकवून थांबला आहे, असं ते दिसत होतं. लांब वाशांची टोकं एकावर एक, मध्ये मोकळी फट, खाली आधार काहीच नाही. एलायहूने एका टोकाला हळूच बोट लावलं, तशी ती दोन्ही वळणं खडखडत खाली आली.

त्याने मागे वळून ओर्लीनाकडे पाहिलं. "आईला सांगू नकोस," तो म्हणाला.

आखूड वासे आज कुंपणापाशी नव्हते. ते टेकडीच्या पायथ्याशी होते, एकाशेजारी एक नीट ठेवलेले. गवत कुठे दबलेलं नव्हतं, ओढून नेल्याची रेघ नव्हती.

माणूस घाबरला की त्याला रागवायला कुणीतरी लागतं. एलायहूला शेजारचा इनॉक सापडला. इनॉक म्हणजे ओढ्यापलीकडचा म्हातारा, दाढी पिवळट, जीभ धारेची. मक्यात शिरलेली डुकरीण त्याचीच होती. कानाची खाच त्याचीच.

इनॉक डुकरिणीला हाकलायला आला आणि कुंपणावर कोपर टेकून उभा राहिला. "एलायहू, हे कुंपण तू रचलंस की पावसाच्या पुराने वाहून आणलं?"

"रात्रीतून माझे वासे कोण काढतं ते मला ठाऊक आहे, इनॉक."

"मलाही सांग मग. माझी डुकरीण काढत असेल तर तिला मी जत्रेत नेतो. लोक बघायला येतील."

"डुकरीण काढत नाही. तिच्यासाठी दुसरं कुणीतरी काढतं."

इनॉकच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "माझ्या वयाचा माणूस रात्री तुझी लाकडं उचलत हिंडतो म्हणतोस?"

"उद्या ती माझ्या मक्यात दिसली तर मी गोळी घालणार."

"कुंपण उभं असताना शिरली तर घाल. पडलेल्या कुंपणातून आलेल्या जनावराला मारलंस, तर तुझ्या दारात मी येईन. आणि एकटा येणार नाही, माझे मुलगे असतील."

दोघंही हळू आवाजात बोलत होते, आणि त्याचीच ओर्लीनाला भीती वाटली. त्या डोंगरात अशा हळू बोलण्यातून सुरू झालेली भांडणं नातवंडांपर्यंत चालत. तिला मका गेलेला नको होता, आणि तिच्या बाबाने बंदूक उचललेलीही नको होती.

त्या रात्री एलायहू बंदूक मांडीवर घेऊन दारात बसला आणि बसल्या बसल्या झोपला. उजाडताना धुकं एवढं उतरलं होतं की ओसरीतून खेचराचं खोपटंसुद्धा दिसेना. ओर्लीना बाबाच्या पायांना वळसा घालून बाहेर पडली. डुकरीण आली असेल तर बाबा जागा होण्याआधीच तिला हुसकून लावायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

कुंपणाच्या अलीकडे ती थांबली. धुक्यात लाकडावर लाकूड ठेवल्याचा आवाज येत होता. टाकल्याचा नाही, ठेवल्याचा. घरात तान्हं बाळ निजलेलं असलं की बाई कशी भांडी आवरते, तसा. मग थोडी शांतता. मग परत तोच आवाज, आधीपेक्षा थोडा वर, टेकडीच्या बाजूला.

"कोण आहे?" ओर्लीनाने विचारलं.

आवाज थांबला. कुणी पळालं नाही, झुडूप हललं नाही. नुसता थांबला. आणि कुणीतरी आपल्याकडे पाहतं आहे असं ओर्लीनाला वाटलं. ते पाहणं रागाचं नव्हतं. हात भरलेल्या माणसाने दाराकडे पाहावं तसं होतं, कुणी उघडेल का म्हणून.

ती बराच वेळ हलली नाही. धुकं विरलं तेव्हा वासे टेकडीच्या पाऊलवाटेवर दिसले, कालच्यापेक्षा बरेच वर. तिने सगळ्यात वरच्या वाशाला हात लावला. दंवाने तो गार ओला होता. पण मध्यावर दोन ठिकाणी, जिथे उचलताना हात धरतात तिथे, लाकूड कोरडं होतं आणि कोमट होतं.

ओर्लीना घरी पळाली नाही. पाऊलवाट जिकडे जात होती तिकडे ती वर गेली.

टेकडीच्या माथ्यावर एक मोठा बीच वृक्ष होता. त्याच्याखाली ओढ्यातला एक गुळगुळीत दगड उभा रोवलेला, आणि त्याच्यापुढे पाळण्याएवढा मातीचा उंचवटा. उंचवट्याभोवती चार बाजूंना गवत पिवळं पडून वाशाच्या रुंदीचे चार पट्टे उमटले होते. एका कोपऱ्यापासून जमीन ताजी उकरलेली होती. डुकराच्या नाकाने उकरलेली. ती उंचवट्यापासून हातभरच दूर राहिली होती.

"तू इथे काय करतेस, पोरी?"

झाडामागून इनॉक येत होता, हातात डुकरिणीसाठी कणसांची टोपली. तो आणखी काही बोलणार होता, पण त्याची नजर दगडाकडे गेली आणि त्याने टोपली खाली ठेवली.

"इथला खुराडा कुठे गेला?" त्याने विचारलं.

"कसला खुराडा, काका?"

इनॉक दगडापाशी गुडघ्यावर बसला आणि उकरलेली माती हाताने परत लोटू लागला. "वाशांचा. डुकरं उकरतात म्हणून नव्या थडग्याभोवती वासे रचतात ना, तसला. तुमच्या घरात आधी रुहामा राहायची. तिचा लहानगा इथे आहे. पहिल्या हिवाळ्यात खोकल्याने गेला. मग त्यांनी जागा सोडायचं ठरवलं. नवऱ्याने गाडी जुंपली, भांडीकुंडी चढवली, आणि ही कुठे दिसेना. ही इथे वर पाचर ठोकत बसलेली. लांब वासे तिला एकटीला उचलेनात, म्हणून आखूड केले. नवरा खालून हाका मारतोय, आणि ही एकेक वासा रचतेय. मी म्हटलं, मदत करतो. तर म्हणाली, नको, हे माझं मला करू द्या."

"मग?"

"मग गाडीत बसली. मला म्हणाली, यावर लक्ष ठेवा. मी हो म्हटलं." तो माती थापटत राहिला. "ती मिसूरीला पोचलीच नाही. वाटेतच तापाने गेली, असा निरोप आला. मी या वर्षी एकदाही वर आलो नाही. गुडघे दुखतात म्हणून. गुडघे काय, रोजच दुखतात."

वरून बीचची दोन-चार फळं टपटपली. ती पिकायला लागली होती. ओर्लीनाला आता उमगलं की वसंतापासून गप्प असलेलं कुंपण याच दिवसांत का मोडायला लागलं. या फळांसाठी डुकरं आता रोज टेकडी चढणार होती.

इनॉक तिच्या तोंडाकडे पाहत होता. "वासे तुमच्या कुंपणात आहेत," तो म्हणाला. ते विचारणं नव्हतं.

ओर्लीनाने मान खाली घातली.

"ही गोष्ट ओढ्याकाठच्या कुणाला कळली तर तुझ्या बापाशेजारी कुणी बसणार नाही."

"त्यांचा पाय कापला होता, काका. मका उगवला होता."

"माझ्याकडे वासे पडून आहेत. येऊन मागितले असते तर दिले असते. पण त्याला मागायला नको. ताठ माणूस."

तो कुरकुरत उठला आणि डुकरिणीला हाका मारत निघून गेला.

जेवायला बसल्यावर ओर्लीनाने सरळ विचारलं, "बाबा, तुम्हाला माहीत होतं ते कशाचे वासे आहेत?"

एलायहूने घास खाली ठेवला. अरमिंटाने आधी मुलीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"माहीत होतं," तो म्हणाला. "तीन दिवस मी तो दगड मनातून काढत होतो. मग मका बघितला. ते लेकरू मेलेलं आहे, ओर्ली. तू जिवंत आहेस, तुला खायला लागतं. कापणी झाली की परत नेऊन ठेवीन असं ठरवलं होतं."

"कापणीपर्यंत डुकरं तिथे पोचतील."

"मग मी काय करू? या पायावर उभं राहून मोगरी उचलता येत नाही. वळण उघडं ठेवू?"

अरमिंटाने भाकरीचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "इनॉककडे जा."

"ज्याला काल गोळीची भाषा केली त्याच्याकडे वासे मागू? त्यापेक्षा उद्या डुकरीण मारतो. जे होईल ते होईल."

तो रागाने बोलला असता तर ओर्लीनाला बरं वाटलं असतं. तो थकून बोलला.

दुसऱ्या सकाळी एलायहूने आखूड वासे वाटेवरून खाली आणून वळण पुन्हा रचलं. दुपारी ओर्लीना ओढा ओलांडून इनॉकच्या अंगणात गेली. इनॉक जुनं खोगीर शिवत होता. तिने केसांची दोरी सोडून पुन्हा घट्ट बांधली, कारण आई महत्त्वाचं बोलायच्या आधी तसं करायची.

"काका, बाबा मागणार नाहीत. मी मागितले तर चालेल?"

"काय?"

"वासे. एका वळणाचे. लांब."

इनॉकने सुई थांबवली. "फेडशील कशी?"

"बीच पिकलेत तोवर तुमच्या डुकरिणीला टेकडीवर चढू देणार नाही. रोज हाकलीन."

"म्हणजे माझीच डुकरीण उपाशी ठेवून तू माझंच देणं फेडणार. तुझ्या बापाला मागता येत नाही, पण तुला सौदा चांगला येतो." तो उठला. "बैल जुंपतो. चल."

इनॉक वासे घेऊन कुंपणापाशी आला तेव्हा एलायहू बंदूक घेऊन उभा होता. ओर्लीना बैलगाडीमागेच थांबली. इनॉकने बंदुकीकडे पाहिलंच नाही. त्याने आखूड वळणाशेजारचे वासे एकेक करून खाली उतरवले, आखूड वासे मोकळे केले आणि गाडीतला पहिला लांब वासा खांद्यावर घेतला. त्याचं दुसरं टोक जमिनीवर घासत होतं.

एलायहू बघत राहिला. शेवटी म्हणाला, "साल खाली ठेवून मांडतोयस. कुजेल."

"तू मांडलेलं कुजायच्या आधीच पडतं. शहाणपणा नंतर शिकव, आधी टोक धर."

एलायहूने बंदूक झाडाला टेकवली आणि लंगडत जाऊन टोक धरलं. पहिले दोन थर चढले. तिसऱ्याला एलायहू म्हणाला, "परवा मी जे बोललो..." आणि इनॉक म्हणाला, "वर घे, माझा हात चेमटतोय."

आखूड वासे गवतात पडले होते. एलायहूने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग मुलीकडे. "हे काम झालं की मी नेतो वर," तो म्हणाला.

"मी नेते," ओर्लीना म्हणाली. "तुमचा पाय आहे."

त्याने तिला अडवलं नाही.

ती एकेक वासा ओढत वर नेऊ लागली. दोन्ही हातांनी टोक धरायचं, उलटं चालायचं, थांबायचं. चार पिवळ्या पट्ट्यांवर ती वासे ठेवत गेली. कुठला वासा कुठे बसतो ते लाकडंच सांगत होती. वर्षभर एकमेकांवर टेकून त्यांच्या टोकांना खळगे पडले होते, आणि खळगा खळग्यात बसला की वासा डुलायचा थांबायचा. खालून दोघांचा आवाज येत होता. इनॉक काहीतरी टोमणा मारत होता आणि बाबा, कितीतरी दिवसांनी, हसत होता.

ऊन उतरलं. झाडांखाली सावली दाटली. खाली एकच वासा राहिला. तो खालच्या थरातला, जमिनीला टेकून ओल प्यायलेला, सगळ्यात जड. ओर्लीनाने तो कसाबसा अर्ध्या चढापर्यंत आणला आणि तिथे त्याचं मागचं टोक मुळ्यांत अडकलं. आता ती वर तोंड करून, टोक काखेत धरून ओढत होती. वासा हलेना. तिने जोर लावला, पाय घसरला, गुडघा खरचटला. तिला रडू यायला लागलं. हाक मारली असती तर बाबा आला असता, पण त्या चढावर त्याच्या पायाची जखम परत उघडली असती.

तिने डोळे पुसले आणि पुन्हा टोक उचललं.

मागचं टोकही उचललं गेलं.

तिच्या काखेतलं वजन एकदम अर्धं झालं. मुळ्या खरखरल्या नाहीत, पाचोळा वाजला नाही. तिच्या मागे कुणी श्वास घेत नव्हतं. पण लाकडातून तिला कळत होतं की दुसऱ्या टोकाला दोन हात आहेत, आणि ते वाट बघत आहेत, तिने पाऊल टाकायची.

ओर्लीनाच्या मानेवर काटा उभा राहिला. खाली तिच्या घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. वासा टाकून ती पळाली असती तर कुणी तिला काही म्हटलं नसतं.

तिने मागे वळून पाहिलं नाही. टोक जरा वर घेऊन खांद्यावर ठेवलं आणि छोटी पावलं टाकत चढायला लागली, मागच्याला जमतील अशी. वाटेत ओढ्यातला एक गोटा वर आलेला होता. तिथे ती थांबली.

"पुढे दगड आहे," ती हळूच म्हणाली. "जपून या."